हौदातली गंगा आणि गिरडचं लुगडं

दिवाळीला सेलूला आलो की चौकात कुणीतरी भेटतंच आणि विचारतं, "काय करतं बे तू तिकडं बंगालात?"

मी सांगतो, बोटीवर असतो.

"म्हणजे मासे पकडतं?"

नाही. प्रवाशांची बोट आहे, गंगेवरून लोकांना फिरवते.

"मंग तू चालवतं का ते?"

तेही नाही. चालवणारा वेगळा. मी दोर धरतो. एवढं ऐकलं की समोरचा चहाचा कप खाली ठेवतो आणि माझ्याकडं असं बघतो, की घरी जाऊन बायकोला नक्की सांगणार, वाण्याचं पोरगं वाया गेलं म्हणून.

या अंकाच्या संपादकांनी मात्र "तेच लिही, दोर कसा धरतात ते लिही" म्हणून सांगितलं. माझी शाळा नववीत सुटली. परीक्षेच्या आदल्या दिवशी पोटात गोळा यायचा, तो पेपर संपेपर्यंत जायचा नाही. शेवटी मीच शाळेत जाईनासा झालो. आता हे लिहितानाही तोच गोळा आला आहे. चूकभूल झाली तर गोळ्याची समजावी.

घरचं किराणा दुकान होतं, पण गल्ल्यावर बसलं की मला सुटे पैसे चुकायची भीती वाटायची. तेव्हा कारंजा घाडग्यावरून संत्र्यांचे ट्रक कलकत्त्याला जायचे. त्यातल्या एका ड्रायव्हरशी वडिलांची ओळख होती. क्लिनर म्हणून गेलो. संत्री उतरली, ट्रक परतीला लागला, आणि मी मात्र नदीकाठच्या जेट्टीवर बोटी बघत उभाच राहिलो. का राहिलो हे आजही नीट सांगता येत नाही. इस्माईल चाचांनी विचारलं, "काम करेगा?" मी मान हलवली. चाचा म्हणजे आमचे सारंग, बोट चालवणारे. मुर्शिदाबादकडचे. त्यांनी मला जे शिकवलं त्यावर माझं घर उभं आहे, त्यामुळं या लेखात कुणाचे आभार मानायचे राहून गेले तरी त्यांचे राहू नयेत.

आता कामाचं सांगतो. गंगेवर एक मोठा बंधारा आहे. वरच्या बाजूला पाणी उंच, खालच्या बाजूला कालवा, त्यातलं पाणी सखल. बोटीला एकीकडून दुसरीकडं जायचं तर मध्ये सिमेंटचा एक प्रचंड लांब हौद आहे. दोन्ही टोकांना लोखंडी दरवाजे. त्याला तिथं लॉक म्हणतात. वरून येणारी बोट हौदात शिरते, मागचा दरवाजा बंद होतो, मग हौदातलं पाणी हळूहळू खाली सोडतात. पाण्याबरोबर बोट खाली उतरते. खालच्या कालव्याएवढं पाणी झालं की पुढचा दरवाजा उघडतो आणि बोट निघते. वर जायचं असलं की हेच उलट, हौद भरतात. सगळी बोटींची लिफ्टच म्हणा.

हा रस्ता मुळात आमच्यासाठी नाही. तो मालवाहू बार्जांचा. गिट्टी, राख, कधी कारखान्याची अवजड मशिनं. ही बार्ज म्हणजे तरंगणारी गोदामंच, रांगेत तासन्‌तास उभी. आमची पांढरी, पडद्यांची, वरच्या डेकवर खुर्च्या मांडलेली बोट त्यांच्यामध्ये लग्नाच्या कपड्यात गिरणीत आलेल्या माणसासारखी दिसते. जागा उरली तर आम्हाला एखाद्या बार्जाच्या शेजारी हौदात घेतात. घेतलं की उपकारच. म्हणून लॉकवाल्यांशी आणि बार्जवाल्यांशी आम्ही फार अदबीनं असतो.

आणि दोर. बोट हौदात हलू नये म्हणून भिंतीवरच्या खुंटाला दोराचा वेढा घालायचा. पण बांधायचं नाही. पाणी खाली चाललं की बोट खाली जाते, भिंत तिथंच राहते. दोर बांधून ठेवला तर बोट दोराला लटकते, एका अंगावर कलते, मग काय तुटेल त्याचा नेम नाही. तेव्हा टोक हातात ठेवायचं आणि पाणी जाईल तसा दोर सोडत राहायचं. चाचांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "बांधना नहीं. पकड़ना, और छोड़ते रहना." माझ्यासारख्या भित्र्या माणसाला हे काम बरं जमलं. नजर हटवायची नाही, एवढंच करायचं. मला तसंही नजर हटवता येत नाही. घरी गॅस बंद केला का, हे मी झोपताना तीनदा उठून बघतो.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका साहेबांनी मला विचारलं होतं, पाणी जरा अर्ध्यावर थांबवता येईल का, आमची चहाची वेळ आहे. बंधाऱ्याच्या भागात फोटो काढायला मनाई असते, हे सांगून सांगून तोंड दुखतं; तरी एक नवरदेव टाय लावून कठड्यावर चढलाच होता, त्याला मीच कमरेला धरून उतरवला. तो आणि त्याची बायको दोघंही माझ्यावर रुसले ते कलकत्त्यापर्यंत. पण जिच्यासाठी हे लिहितोय ती गिऱ्हाईक आपल्या जिल्ह्यातली होती.

दोन-तीन वर्षांमागची गोष्ट. वरच्या घाटावर एक ग्रुप चढला. बहुतेक बायका, निवृत्त शिक्षिका, कुणी ऑफिसातल्या, दोन-चार जणी गावाकडच्या. मी त्यांच्या बॅगा घेत होतो आणि कानावर आलं, "अवो सरका ना समोर, काऊन वाट अडवून राह्यल्या?"

हातातली बॅग तशीच राहिली. इतक्या दूर हे बोलणं कधी कानावर पडत नाही.

मी विचारलं, "काकू, कुठल्या तुम्ही?"

"गिरडच्या. टेकडीच्या खालीच घर हाये. तुले काय मालूम गिरड?"

"मी सेलूचा."

"आता बाई!" त्यांनी माझा दंडच धरला. "निर्मला मॅडम, पाहा वो, हा तं आपलाच निघाला! तुहं नाव काय? मनोहर? जेवतं का नाई बराबर? पोट पाह्य कसं पाठीले लागलं."

या शेवंताकाकू. सत्तरीच्या आतबाहेर, नऊवारी, हातात कापडी पिशवी, आणि ती पिशवी त्या कुणाच्या हाती द्यायच्या नाहीत. सोबतच्या निर्मला मॅडम निवृत्त शिक्षिका, त्यांच्याच गावच्या, आयुष्यभराची मैत्री आणि आयुष्यभराची भांडणं.

बोट सुटली. वरच्या बाजूला गंगा म्हणजे काय ते आपल्याकडच्या माणसाला सांगून कळत नाही. काकू कठड्याशी उभ्या राहिल्या, डोळ्यांवर हात धरून. बराच वेळ. मग मला बोलावलं.

"मनोहर, याचा दुसरा काठ कुठं हाये?"

"तिकडं आहे काकू. दिसत नाही, धुकं आहे."

"धुकं नसलं तं दिसते?"

"बारीक रेघ दिसते."

त्या तिथंच डेकवर बसल्या. निर्मला मॅडम म्हणाल्या, "मी सांगितलं नव्हतं का तुले? तुले वाटलं वणा नदी हाये. इकडून हाक मारली का तिकडून म्हैस पाह्यते!"

मग पिशवी उघडली गेली. आत एक नवं कोरं हिरवं लुगडं होतं. काकूंची सून बाळंतपणात अडली होती. डॉक्टरांनी आई आणि बाळ, कुणाचीच खात्री दिली नव्हती. दवाखान्याच्या पायरीवर बसून काकू बोलून गेल्या होत्या: गंगामाय, दोघं सुखरूप घरी आले तं तुले लुगडं नेसवीन, या काठापासून त्या काठापर्यंत. दोघं घरी आले. नातू आता चालत होता. आणि काकू लुगडं घेऊन गंगेवर आल्या तर काठच नव्हता.

"मॅडम म्हणते, सोडून दे पाण्यात, पोचते. पण मी काय बोलली होती? काठापासून काठापर्यंत बोलली होती. लेकराच्या जिवाचं बोलनं हाये. अर्धं कसं फेडू?"

नवस फेडून घ्यायचं काम आमच्या बोटीवर नव्हतं. उलट मालकाची सक्त ताकीद होती, पाण्यात कापड जाऊ द्यायचं नाही. बोटीच्या पाण्याखालच्या पंख्याला गुंडाळलं की मशीन बसलं. मी तसंच सांगितलं. काकूंनी लुगड्याची घडी परत पिशवीत ठेवली. जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी लॉक आलं. गिट्टीच्या एका बार्जाशेजारी आम्हाला जागा मिळाली. एका भिंतीला आम्ही, समोरच्या भिंतीला बार्ज, मध्ये हातभर रुंद पाण्याची फट. मी पुढच्या दोरावर होतो. मागून काकूंचा आवाज आला, "मनोहर, हे पानी गंगेचंच व्हय ना?"

"गंगेचंच काकू."

"अन्‌ ह्या दोन भिती म्हंजे काठच की!"

मी मागं वळून म्हणालो, "काकू, नाही हं. हात जोडतो. खुर्चीवर बसा." त्या "बसतो, बसतो" म्हणाल्या. मागचा दरवाजा बंद होत होता, मला दोराकडं बघणं भाग होतं.

पुढचं मला नंतर कळलं. वरच्या डेकवर बायकांनी भराभर पिशव्या उघडल्या. काकूंचं लुगडं एकटं पुरणार नव्हतं, म्हणून त्याला इतरांची पातळं जोडली. निर्मला मॅडमनी, ज्यांनी दोन दिवस टोमणे मारले होते, आपली जरीची साडी दिली. एक टोक बार्जाकडं फेकलं, तिथल्या खलाशानं हसत हसत धरलं, त्याला वाटलं काहीतरी पूजा आहे. दुसरं टोक काकूंनी कठड्यावरून वाकून भिंतीतल्या लोखंडी कडीला बांधलं. जन्मभर म्हशी बांधलेल्या हाताची गाठ, ओढलं की आणखी आवळणारी. आणि अर्पण करताना वस्त्र हातातून सुटू नये, म्हणून कडीजवळचाच लुगड्याचा पदर मनगटाला दोन वेढे घेऊन धरला.

पाणी सुटलं. दोर सोडत मी सवयीनं सगळीकडं नजर फिरवत होतो. वरच्या डेकवर बायका हात जोडून उभ्या होत्या. मध्ये काकू, उजवा हात वर केलेला. आशीर्वाद देतात तसा. छान वाटलं बघायला. मग पुन्हा पाहिलं तर हात आणखी वर होता. मग त्या टाचांवर आल्या.

बोट खाली चालली होती. भिंत नव्हती चालली.

दोर सोबत्याच्या हातात कोंबला आणि जिना चढलो. लॉकमध्ये आमच्या कमरेला सुरी असतेच. काकूंचं तोंड पांढरं पडलं होतं, पण ओरडत नव्हत्या. सोडवताही येत नव्हतं आणि बहुतेक सोडायचंही नव्हतं. एक पाय कठड्याच्या खालच्या दांडीवर होता. आणखी थोडं पाणी उतरलं असतं तर त्या कठड्यावरून भिंत आणि बोटीच्या मध्ये गेल्या असत्या. त्या फटीत गेलेला माणूस वर येत नाही.

मी मनगट आणि कडी यांच्यामध्ये लुगडं कापलं.

काकू माझ्या अंगावर पडल्या. खाली बसल्या. मनगटावर लाल वळ उठला होता. त्यांनी त्याकडं पाहिलंच नाही, कापलेल्या टोकाकडं पाहत राहिल्या. भिंतीवरच्या कडीला हिरवा तुकडा लटकत होता, आणि आम्ही खाली खाली जात होतो, त्यामुळं तो वर वर चालल्यासारखा दिसत होता.

"मायनं घेतलं नाई," त्या म्हणाल्या. एवढंच.

कुणी माझ्यावर ओरडलं असतं तर बरं झालं असतं. नवसाचं कोरं वस्त्र मी सुरीनं फाडलं होतं, आणि तो नवस ज्याच्यासाठी होता ते पोर तिकडं गिरडला अंगणात खेळत असेल. पाणी अजून उतरत होतं. दरवाजा उघडला की बार्ज आधी निघणार, मग आम्ही, मग पुढं पुन्हा नुसतं मोकळं पाणी.

शेजारून बार्जाचा सारंग ओरडला. लाल गमछा बांधलेला दणकट माणूस. "ओ दादा! क्या हुआ? बुड़िमा गिर गया?"

मी काही बोलायच्या आत काकू उठून कठड्याशी गेल्या आणि आपल्या हिंदीत सुरू झाल्या, "भाऊ, मेरा नवस था! आमच्या गावात दर्गा हाये, शेख फरीदबाबाचा. बाबा के ऊपर चादर चढाता ना आपन? वैसाच गंगामाय को लुगडा चढाना था. इस बाजू से उस बाजू. कट गया, भाऊ!"

सारंगानं आपल्या माणसाच्या हातातल्या टोकाकडं पाहिलं. ते टोक अजून त्याच्या हातात होतं, कुणी त्याला सोड म्हणालंच नव्हतं.

"मन्नत का चादर है?" त्यानं विचारलं.

"हौ ना, मन्नत!"

तो वळून बंगालीत काहीतरी गरजला. टोक धरलेला खलाशी गिट्टीच्या ढिगावरून पलीकडं चालू लागला. ढीग रुंद, कापड मध्येच संपलं. मग दुसऱ्यानं खांद्यावरचा गमछा काढून त्याला जोडला. तिसऱ्यानं जोडला. एकानं उत्साहात लुंगीच्या गाठीला हात घातला तेव्हा सारंगानं त्याला अशी शिवी हासडली की आमच्या बायकांना भाषा न कळता अर्थ कळला. निर्मला मॅडम तोंडावर पदर धरून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं. शेवटी लाल गमछाही सारंगाच्या डोक्यावरून उतरला.

मी खाली पाहिलं. इस्माईल चाचा केबिनमधून सगळं बघत होते. मला वाटलं, आज नोकरी गेली. चाचा म्हणाले, "खड़ा क्यों है? तेरी तरफ का सिरा कौन पकड़ेगा?"

आमच्या बाजूचं कापलेलं टोक मी बांबूला गुंडाळलं. भिंत आणि बोटीच्या मध्ये हात घालायचा नसतो, बांबूच घालतात. बांबूचं टोक भिंतीला टेकवलं. पलीकडं बार्जाच्या माणसानंही बांबूनंच गमछा त्यांच्या भिंतीला टेकवला. बोट खाली जात होती, बार्जही खाली जात होतं, आणि आमचे बांबू दोन्ही भिंतींवरून घासत सोबत उतरत होते. कुणी काही बांधलं नव्हतं. सगळे नुसते धरून उभे होते.

"काकू, मध्ये सोडा," मी म्हणालो.

मधल्या फटीत लुगडं खाली सोडलं. ते पाण्याला टेकलं, भिजलं, हिरवं होतं ते गडद झालं. काकूंनी मुठीतलं हळदकुंकू वाहिलं. तोंडानं काही पुटपुटल्या, ते त्यांचं आणि गंगेचं.

तेवढ्यात वायरलेसवर लॉकवाल्यांचा आवाज आला. पाणी सारखं झालं होतं, दरवाजा उघडत होता. चाचांनी बटण दाबून सांगितलं, "थोड़ा टाइम दीजिए साहब, कपड़ा पानी में है, मशीन चालू नहीं कर सकते." मागं वरच्या बाजूला बार्जांची रांग होती. प्रत्येकाला घाई होती. पलीकडून थोडी खरखर झाली आणि आवाज आला, "ठीक है. आराम से निकालिए." तो कोण होता मला माहीत नाही. त्याचं तोंड मी कधी पाहिलं नाही. त्याला आयुष्यभर सुख लाभो.

कापड वर ओढलं, पाण्यात एक सूतही राहू दिलं नाही, मी तीनदा पाहिलं. आता ते कुणी ठेवायचं यावर वाद झाला. निर्मला मॅडम म्हणाल्या, "माहीवाली साडी तं गाठ सोडून दे." काकू म्हणाल्या, "दिलेलं वापस घेतेत का कधी?" आणि कठड्यावरून ओरडल्या, "भाऊ, तुमच्याच इथं राहू द्या! घर में माय है ना? उसको देजो."

सारंगानं छातीला हात लावला. मग त्यानं ती सगळी ओळ, गिरडचं लुगडं, शाळेतल्या बाईंची जरीची साडी आणि त्यांचे गमछे, गाठी न सोडता बार्जाच्या कठड्यावर वाळत घातली.

चाचांनी नंतर मालकाला काय सांगितलं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. माझी नोकरी शाबूत आहे. ज्या माणसांनी गिट्टी उतरवायची घाई सोडून, डोक्यावरचे गमछे काढून एका अनोळखी बाईचा बोल पुरा केला, त्यांच्यातलं एकही नाव मला माहीत नाही. पुढं त्या लॉकमधून कितीदा गेलो. प्रत्येक गिट्टीच्या बार्जाला मी हात करतो. त्यातलं कुठलंतरी ते असेल.

दरवाजा पुरता उघडला. नियमाप्रमाणं बार्ज आधी निघालं. भोंगा वाजला. कालव्याच्या वाऱ्यावर ते ओलं हिरवं लुगडं फुगलं, कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि बार्ज पाणी कापत खाली चालू लागलं.

काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पाह्य मनोहर," त्या म्हणाल्या, "माय नेसून निघाली."

चहा आला होता, निर्मला मॅडम हाका मारत होत्या. काकू हलल्या नाहीत. बार्ज वळणाआड जाईपर्यंत त्या उभ्या होत्या, आणि दोर हातात घेऊन मीही.